सुरापान शिक्षापद आणि व्यसनग्रस्ताची शुश्रूषा : एक ऐतिहासिक मागोवा

पंचशीलातील पाचव्या शीलाचा विचार आपल्याकडे बहुधा निषेधाच्या अंगाने केला जातो. मद्य पिऊ नये, हे उपासकाला बालपणापासून ठाऊक असते. परंतु ज्याच्याकडून हे शील मोडले आणि पुनःपुन्हा मोडत राहिले, त्याचे संघाने, कुटुंबाने व वस्तीने काय करावे, या प्रश्नाचे बौद्ध परंपरेत काही उत्तर आहे काय, याचा शोध क्वचितच घेतला जातो. प्रस्तुत लेखाचा तोच विषय आहे.

आरंभ विनयपिटकापासूनच करावा लागतो. सुत्तविभंगात ५१ वे पाचित्तिय ज्या प्रसंगी घालून दिले गेले, तो प्रसंग सविस्तर नोंदविलेला आहे. चेतिय जनपदात भद्दवतिका नावाच्या गावाजवळ अंबतित्थ येथे एका जटिलाच्या आश्रमात एक उग्र नाग राहत असे. सागत नावाच्या भिक्खूने आपल्या तेजोधातूच्या सामर्थ्याने त्याला निष्प्रभ केले. ही वार्ता कोसंबीला पोचली. तेथील उपासकांनी कौतुकाने विचारले की, आर्यांना दुर्लभ असे काय आहे? षड्वर्गीय भिक्खूंनी कपोतिका नावाची निवळ सुरा सुचविली. मग काय, सागत पिंडपातासाठी निघाले तेव्हा घरोघर सुरा तयार होती. दारोदारी ती पिऊन ते नगराबाहेर पडताना वेशीतच कोसळले.

येथपर्यंतची कथा प्रवचनांत सांगितली जाते. पुढचा भाग मात्र सहसा गाळला जातो. तथागतांनी सागताला वेशीत पडू दिले नाही. त्यांनी भिक्खूंना त्याला उचलावयास सांगितले आणि आरामात आणविले. भिक्खूंनी त्याचे मस्तक तथागतांच्या दिशेने ठेवले. नशेत तो उलटला आणि त्याचे पाय तथागतांकडे झाले. तेव्हा त्यांनी संघाला विचारले की, हा पूर्वी आदर बाळगीत नव्हता काय? आणि ज्याने नागाशी झुंज घेतली, तो आता पाणसापाशी तरी झुंजू शकेल काय? प्रश्न सागताच्या दुष्टपणाचा नाही, त्याच्या हरवलेल्या सामर्थ्याचा आहे. शिक्षापद घालून दिले गेले ते या प्रश्नोत्तरानंतर.

या शिक्षापदाची श्रेणीही लक्षात घेण्याजोगी आहे. सुरापान हा पाराजिक नव्हे, की ज्यामुळे भिक्खू संघाबाहेर जातो. तो पाचित्तिय आहे. म्हणजे आपल्या सहभिक्खूपुढे कबुली देऊन शुद्ध होण्याजोगा अपराध. पुन्हा घडला तर पुन्हा कबुली. आणि सागताचे पुढे काय झाले? तो अर्हत झाला, व अंगुत्तर निकायातील अग्रस्थानाच्या यादीत तेजोधातुकुशल भिक्खूंमध्ये श्रेष्ठ म्हणून त्याचे नाव आजही वाचावयास मिळते. वेशीत पडलेल्या भिक्खूचे नाव संगायनकारांनी झाकून ठेवले नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

महावग्गातील चीवरक्खंधकात रुग्णशुश्रूषेचे जे विवेचन आहे, ते याच्या शेजारी ठेवून पाहावे. अतिसाराने मलमूत्रात पडलेल्या एका भिक्खूला तथागतांनी व आनंदाने स्वतः धुतले, हा प्रसंग सुप्रसिद्ध आहे. त्यानंतर रुग्णाचे व शुश्रूषा करणाऱ्याचे प्रत्येकी पाच गुण सांगितले आहेत. चांगला रुग्ण पथ्य पाळतो, औषध घेतो, वेदना सोसतो, आणि आपला आजार जसा आहे तसा सांगतो. चांगल्या शुश्रूषकाला हितकर व अहितकर यांतील भेद कळतो, तो लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करतो, आणि वांती वा मळ काढण्याची त्याला किळस येत नाही. व्यसनी माणसाच्या घरात एक रात्र काढलेल्या कोणालाही या यादीतील एकेक शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. विशेषतः ‘आजार जसा आहे तसा सांगणे’ हे व्यसनात सर्वांत अवघड असते. लपविणे हे त्या आजाराचे एक लक्षणच होय, आणि ते रुग्णापुरते राहत नाही. पत्नी, आई व मुलेही लपवू लागतात.

आधुनिक काळात या दोन धाग्यांना एकत्र आणणारा प्रयोग थायलंडमध्ये घडला. तेथे सुमारे एक शतक अफूचा व्यापार राज्याच्या मक्तेदारीत चालला होता. डिसेंबर १९५८ मध्ये सरित थनरत यांच्या राजवटीने त्यावर बंदी घातली आणि १९५९ मध्ये अफूचे अड्डे बंद झाले. बंदी आली, पण शरीराला अफूची सवय जडलेली माणसे कोठे जाणार? सराबुरी प्रांतातील वाट थामक्राबोक या विहारात ती येऊ लागली. हा विहार मे ची मियान या साधक स्त्रीच्या प्रेरणेने नुकताच स्थापन झाला होता. तिचा भाचा फ्रा चामरून पानचंद हा पूर्वायुष्यात पोलीस होता. त्याने उपचाराची व्यवस्था लावली व त्यासाठी १९७५ चा रामन मॅगसेसे पुरस्कार त्याला मिळाला. १९९९ मध्ये त्याचे निधन झाले.

उपचाराची रीत अशी : आलेला माणूस प्रथम भिक्खूसमोर ‘सच्चा’ घेतो. हा शब्द म्हणजे आपल्या पालीतील ‘सच्च’च, येथे त्याचा अर्थ सत्यप्रतिज्ञा असा आहे. मग पाच दिवस वनस्पतींपासून केलेले वांतिकारक औषध, त्यावर भरपूर पाणी, आणि सर्वांदेखत ओकणे. औषधी वाफेचे स्नानही असते. जो काही दिवसांपूर्वी स्वतः ओकत होता, तो नव्याने आलेल्याच्या पाठीवरून हात फिरवितो. महावग्गातील तो शुश्रूषक येथे प्रत्यक्ष भेटतो.

तथापि या प्रयोगाकडे केवळ भक्तिभावाने पाहणे योग्य नाही. तेथे उपचाराची संधी आयुष्यात एकदाच मिळते, असा नियम आहे. प्रतिज्ञेचे गांभीर्य टिकावे हा त्यामागील हेतू कळतो. पण पाचित्तियाच्या तत्त्वाशी तो मला जुळत नाही, आणि व्यसन हा उलटणारा आजार आहे या आजच्या वैद्यकीय समजुतीशीही नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. अफू एकाएकी सोडल्यास यातना फार होतात, परंतु जीव सहसा जात नाही. दारूचे तसे नाही. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने ती एका दिवसात सोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होतो, कंप सुटतो आणि मृत्यूही ओढवतो. म्हणून अशा माणसाला विहारात आणून शपथ घालावयाची व घरी पाठवावयाचे, ही आपल्या वस्त्यांतील सद्‌हेतूची रीत धोक्याची आहे. शपथ अवश्य असावी, पण आधी डॉक्टर असावा.

महाराष्ट्रापुरते पाहता, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत मद्यत्यागाची प्रतिज्ञा आहे. तिने अनेक घरे उभी राहिली, याविषयी दुमत नसावे. मात्र तिचीच एक अनपेक्षित छायाही पडली : ज्या घरात प्रतिज्ञा मोडली, ते घर लाजेने गप्प झाले. दारिद्र्याची लाज आपण चळवळीत टाकून दिली. ही लाज मात्र राहून गेली. बुद्धवंदनेला नवरा का येत नाही, याचे खरे उत्तर कोणती उपासिका चारचौघींत देते?

उपचाराची संस्थात्मक परंपरा आपल्याकडे उशिरा आली. ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ ही मद्यपींची परस्परसाहाय्य संघटना १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली व १९५७ च्या सुमारास भारतात पोचली. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठीची ‘अल्‌-अनॉन’ ही संघटना १९५१ ची. पुण्यात गर्दचे व्यसन वाढू लागल्यावर डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे केंद्र सुरू केले, पु. ल. देशपांडे व सुनीताबाईंनी त्यास आर्थिक पाठबळ दिले. रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांनाही उपचारात सामावून घेणे, हे या केंद्राच्या कार्याचे वैशिष्ट्य राहिले आहे. तरीही गरज व सोय यांतील अंतर मोठे आहे. केंद्र सरकारने अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून करविलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणत्या तरी स्वरूपाचे उपचार मिळाले होते.

उरलेल्या सदतीस जणांच्या घरांशी विहाराचा संबंध येतो. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकृती विभागात व्यसनाचे उपचार होतात. सामाजिक न्याय मंत्रालयाचा १४४४६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. त्यावर रुग्णानेच बोलावे असे नाही, घरचा माणूसही विचारणा करू शकतो. रुग्ण अजून तयार नसला तरी पत्नीने वा आईने स्वतःसाठी ‘अल्‌-अनॉन’च्या सभेस जावे. तेथे नाव-गाव विचारले जात नाही. काही विहारांत वर्षावासात आरोग्य शिबिरे होतात; त्यांत रक्तदाब व मधुमेहाच्या मेजांबरोबर व्यसनाचेही एक मेज, जरा आडोशाला, मांडता येईल. आडोसा एवढ्यासाठी, की पहिल्या दिवशी तेथे बहुधा बायकाच येतील.