मानसशास्त्राचा प्राध्यापक निवडताना : प्रस्तावना

विद्यापीठात प्राध्यापक कसे नेमले जातात, हा विषय वरवर रुक्षच. जाहिरात, बिंदुनामावली, छाननी, मुलाखत. यात वाचण्यासारखे काय, असे तुम्हाला वाटले तर नवल नाही. पण मानसशास्त्रात एका नेमणुकीने पुढची पंचवीस-तीस वर्षे कोणते प्रश्न अभ्यासले जाणार, हेच ठरून जाते.

कलकत्ता विद्यापीठाने १९१६ मध्ये मानसशास्त्राचा विभाग सुरू करून नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्याकडे सोपवला. ते हार्वर्डला म्युन्स्टरबर्ग यांच्या हाताखाली तयार झालेले, त्यामुळे विभागाचा ओढा प्रयोगशाळेकडे राहिला. पुणे विद्यापीठ १९४९ चे. प्रा. कोठूरकरांनी वाढवलेला तिथला विभागही ‘प्रायोगिक मानसशास्त्र’ याच नावाने ओळखला जाई. आपला अहिल्यानगर जिल्हा या विद्यापीठाच्या कक्षेतला, म्हणून नगरकर वाचकाला या वारशाचा थोडा अभिमान वाटला तर तो रास्तच आहे.

आता नियमांकडे वळू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत विद्यापीठातील सहायक प्राध्यापकपदाच्या छाननीसाठी पीएच.डी.ला ३० गुण, सेटला ३ आणि शोधनिबंधांना जास्तीत जास्त १०. एवढे मोजमाप करून अंतिम निवड मात्र केवळ मुलाखतीवर! विद्यापीठ विभागांत पीएच.डी. सक्तीची करण्याचा बेतही २०२३ मध्ये मागे पडला आणि नेट किंवा सेट ही किमान पात्रता राहिली. माझ्या मते ते बरेच झाले; पण संशोधनाची उमेद जोखण्याची जबाबदारी त्यामुळे निवड समितीवर अधिक आली. जागा रिकाम्या राहिल्या की तासिका तत्त्वावरचे शिक्षक वर्ग सांभाळतात, पण पीएच.डी.चे विद्यार्थी घडवायला स्थिर विभाग लागतो.

जाहिरात हाती आली की वेतनाआधी विशेषीकरण पाहा. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन चाचण्या मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतल्या; असे काम परभाषेतली चाचणी जशीच्या तशी वापरणाऱ्याकडून होत नाही. पाथर्डी-शेवगावकडची कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला बाहेर पडतात. त्यांच्या मुलांची शाळा सुटते, तेव्हा त्यांच्या मनात काय चालते, हे त्यांच्याच बोलीत विचारू शकणारा उमेदवार मुलाखतीला आला, तर समितीने त्याला कोणते प्रश्न विचारावेत?