मुक्त सहयोग करार

पश्चिम पॅसिफिक महासागरातील मार्शल बेटे, मायक्रोनेशियाची संघराज्ये आणि पलाऊ या तीन देशांनी अमेरिकेशी केलेले करार. तिघेही संयुक्त राष्ट्रांचे सदस्य आहेत, आपले कायदे व परराष्ट्र धोरण स्वतः ठरवतात. मात्र त्यांच्या संरक्षणाचा अधिकार व जबाबदारी अमेरिकेकडे आहे. चलन डॉलर, टपालव्यवस्था अमेरिकेशी जोडलेली, आणि नागरिकांना अमेरिकेत व्हिसाशिवाय राहण्याची व नोकरी करण्याची मुभा. मराठी वाचकाला इथे वसईचा तह आणि तैनाती फौज आठवणे साहजिक आहे. पण तिथे फौजेचा खर्च पेशव्यांवर होता आणि परराज्यांशी बोलणी इंग्रजांच्या संमतीशिवाय करता येत नव्हती. इथे पैसा अमेरिका देते आणि वकिलाती बेटांच्या स्वतःच्या आहेत.

स्पेन, जर्मनी आणि जपान असे तीन धनी पाहिलेली ही बेटे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जिंकली. १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ती विश्वस्त प्रदेश म्हणून अमेरिकेच्या हवाली केली. अशा एकूण अकरा प्रदेशांपैकी ‘सामरिक’ दर्जा एकट्या याच प्रदेशाला मिळाला. त्यामुळे देखरेख आमसभेऐवजी सुरक्षा परिषदेकडे गेली, आणि तिथे अमेरिकेला नकाराधिकार होताच. विश्वस्तानेच आपल्या हिशेबतपासनिसावर कुरघोडी करण्याची सोय करून घेतली, असेच म्हणावे लागते. बिकिनी व एनेवेटाक या प्रवाळबेटांवर १९४६ ते १९५८ या काळात ६७ अणुचाचण्या झाल्या. १ मार्च १९५४ च्या ‘ब्राव्हो’ स्फोटाची किरणोत्सारी राख राँगेलापच्या वस्तीवर पडली.

पहिली पंधरा वर्षे प्रशासन तुटपुंज्या खर्चात चालले. केनेडी सरकारच्या काळात, १९६२ नंतर, अनुदान झपाट्याने वाढले. शाळा, दवाखाने निघाले, पीस कोअर या अमेरिकी सेवायोजनेचे स्वयंसेवक आले. पण उत्पादनाला त्या प्रमाणात चालना मिळाली नाही. सरकारी नोकरी हाच मुख्य रोजगार झाला आणि पगाराचे मूळ वॉशिंग्टनमध्ये राहिले. राज्ययंत्रणा आधी उभी राहिली आणि तिला पोसणारी अर्थव्यवस्था मागाहूनही पुरती आली नाही. आजच्या बहुतेक अडचणींची मुळे इथे आहेत.

राजकीय शिक्षण मात्र खरे झाले. १९६५ मध्ये सायपान येथे मायक्रोनेशियाच्या काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. वेगवेगळ्या भाषा बोलणारे, एकमेकांपासून शेकडो मैलांवरचे प्रतिनिधी तिथे अर्थसंकल्प वाचायला आणि अमेरिकी अधिकाऱ्यांना प्रश्न विचारायला शिकले. त्यातूनच एकसंध राष्ट्राची कल्पना निघाली, आणि ती फुटलीही तिथेच. उत्तर मारियाना बेटांनी १९७५ च्या सार्वमतात अमेरिकेच्या छत्राखालीच राहणे पसंत केले. १२ जुलै १९७८ रोजी संघराज्याच्या घटनेवर मतदान झाले. याप, चूक, पोह्नपेई आणि कोस्राए यांनी ती स्वीकारली, मार्शल आणि पलाऊ यांनी नाकारली. पुढच्या वर्षी मार्शलची स्वतंत्र घटना अमलात आली व अमाता काबुआ अध्यक्ष झाले. चार राज्यांच्या संघाचे पहिले अध्यक्ष तोसिवो नाकायामा. दोन्ही देशांचे करार १९८६ मध्ये लागू झाले.

पलाऊची कथा वेगळी, आणि राज्यघटनेच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचावी अशी. १९८१ पासून अमलात आलेल्या पलाऊच्या घटनेत अण्वस्त्रांना बंदी होती. तीन चतुर्थांश मतदारांच्या संमतीशिवाय ती उठवता येत नव्हती. आपल्या जहाजांवर अण्वस्त्रे आहेत की नाहीत हे अमेरिका सांगत नाही. त्यामुळे करार मान्य करायचा तर पंचाहत्तर टक्के मते हवीत. १९८३ पासून पुन्हापुन्हा मतदान घेतले गेले. दर वेळी बहुमत मिळाले, पण हा आकडा कधीच गाठला गेला नाही. मधल्या काळात पहिले अध्यक्ष हारुओ रेमेलिक यांची १९८५ मध्ये हत्या झाली. त्यांच्यानंतर निवडून आलेले अध्यक्ष लाझारुस सालिई १९८८ मध्ये बंदुकीच्या गोळीने मृत्यू पावले. अखेर १९९२ मध्ये घटनादुरुस्तीने साधे बहुमत पुरेसे ठरवले, १९९३ मध्ये करार संमत झाला आणि १ ऑक्टोबर १९९४ रोजी पलाऊ स्वतंत्र झाले. शेवटचा विश्वस्त प्रदेश संपल्याने संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त मंडळाचे कामही थांबले. छोट्या समाजाने लिहिलेले एक कलम महासत्तेला दहा-अकरा वर्षे अडवून धरते, हे त्या घटनेचे यशच मानले पाहिजे.

कारभाराचे साचे अमेरिकी दिसले तरी आतला ऐवज स्थानिक आहे. मार्शलमध्ये अध्यक्षाची निवड ‘नितिजेला’ ही संसद करते आणि जमीन व रूढी यांवर बारा ‘इरोज’ म्हणजे सरदारांची परिषद मत देते. अठरा हजारांच्या आसपास वस्तीच्या पलाऊमध्ये सोळा राज्ये आहेत. आपल्याकडची एखादी नगरपरिषदही याहून मोठी असते. हे हास्यास्पद वाटले तरी त्या राज्यांमागे जुने गावगाडे उभे आहेत.

पैशाच्या नाड्या कोणाकडे, हा प्रश्न सुटलेला नाही. २००३ च्या सुधारणेनंतर मार्शल व मायक्रोनेशियाच्या अनुदानाचे वाटप पाच जणांच्या संयुक्त समित्यांकडे गेले. पाचांपैकी तिघे अमेरिकेचे. २०२४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने तिन्ही देशांसाठी वीस वर्षांचे सुमारे ७१० कोटी डॉलर मंजूर केले. मार्शल व मायक्रोनेशियाचे स्वतःचे उत्पन्न मुख्यतः ट्यूना मासेमारीच्या परवान्यांतून येते. मार्शलला जहाजनोंदणीचेही शुल्क मिळते: मुंबई बंदरात ज्या जहाजाच्या मागच्या बाजूस ‘मजुरो’ हे मार्शलच्या राजधानीचे नाव लिहिलेले असते ते याच देशाचे, आणि त्या नोंदणीचा कारभार चालतो अमेरिकेतील व्हर्जिनियातून. माणसेही तिकडेच जातात. आर्कान्सामधील स्प्रिंगडेल येथे मार्शलवासीयांची मोठी वसाहत आहे. कर भरूनही १९९६ च्या कायद्याने त्यांची मेडिकेड ही सरकारी आरोग्यमदत बंद झाली होती. ती २०२० च्या अखेरीस परत मिळाली.

अणुचाचण्यांच्या भरपाईसाठी करारात १५ कोटी डॉलरचा निधी होता. नुकसानभरपाई न्यायाधिकरणाने मंजूर केलेल्या रकमा २०० कोटींच्या वर गेल्या आणि बहुतांश थकल्या. २०१४ मध्ये मार्शलने अण्वस्त्रधारी देशांविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. त्यांत भारतही होता. ५ ऑक्टोबर २०१६ रोजी न्यायालयाने अधिकारक्षेत्र नसल्याचे सांगून ते प्रकरण निकाली काढले. मार्शलमधल्याच क्वाजलीन येथील अमेरिकेच्या क्षेपणास्त्र-चाचणी तळाचा करार २०६६ पर्यंतचा असून तो २०८६ पर्यंत वाढवण्याची मुभा अमेरिकेला आहे.