गोटमार: दोन काठांचा मान

पोळ्याचे बैल ओवाळून झाले की दुसऱ्या दिवशी आम्हा मोहगावकरांचे लक्ष पांढुर्ण्याकडे लागते. आमच्यातल्या कितीतरी घरांची सोयरीक तिकडे जाम नदीच्या दोन्ही काठांवर आहे. एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्याला सावरगाव. नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात. पांढुर्णेकरांना तो न्यायचा असतो, सावरगावकरांना राखायचा असतो, आणि दिवसभर दगड चालतात. शेवटी झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो.

जुनी माणसे सांगतात ती कथा अशी. पांढुर्ण्याच्या मुलाने सावरगावची मुलगी पळवून नेली. नदीच्या पात्रात दोघे असताना दोन्ही काठांवरून दगड आले आणि दोघे तिथेच गेले. मग गावांना पश्चात्ताप झाला. कथा खरी धरली तर आम्हाला एक गोष्ट खटकते. ज्या दगडांचा पश्चात्ताप, तेच दगड आपण दरवर्षी पुन्हा उचलतो.

या खेळात माणसे मेली आहेत, डोळे गेले आहेत. जखमी दरवर्षी शेकड्यांनी. जमावबंदी झाली, गोफणीवर बंदी आली. 2001 साली प्रशासनाने रबरी चेंडू पुरवले. थोडा वेळ चेंडू उडाले, मग लोकांनी पुन्हा गोटे उचलले. चेंडूने कुणाचा मान राहणार?

घरी बसून विचारले तर जाणता पोरगाही म्हणतो, यात काही अर्थ नाही. पण बाप खेळला, आजा खेळला. आपणच मागे उभे राहिलो तर काठावरचे काय म्हणतील? जखमेवर देवीची भभूत लावली की बरे होते, असे मानणारेही आहेतच, त्यांची श्रद्धा आम्ही हसण्यावारी नेत नाही. मात्र आम्हाला वाटते, पुष्कळांचा हात श्रद्धेपेक्षा शेजाऱ्याच्या नजरेने उचलला जातो. बाकी सगळे मनापासून मानतात, असे प्रत्येकजण धरून चालतो, म्हणून पहिला कुणी थांबत नाही.

त्याच दिवशी नागपुरात मारबत निघते. काळी मारबत 1881 पासूनची. तिथेही पोळ्याची पाडवाच, तिथेही राग बाहेर काढायचा. पण तो पुतळ्यावर निघतो. 1956 पर्यंत नागपूर आणि आपण एकाच प्रांतात होतो, सण आजही एकच आहे.

तीन दिवसांनी चतुर्थी येते. तीच पोरे डोक्याला पट्टी बांधून मंडपाचे बांबू रोवत असतात.