मिरजेचा तंबोरा आणि अडकलेलं भांडवल

मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार. तलवारींना धार लावणं हा त्यांचा पिढीजात धंदा. तो बसत चालला तेव्हा, 1850 च्या सुमारास, फरीदसाहेबांच्या घराण्याने तंतुवाद्यं करायला घेतली. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय लाभला, पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, त्यांच्या कानावर इथले तंबोरे घडले. खाँसाहेब 1937 मध्ये गेले. मिरासाहेबांच्या दर्ग्यातच त्यांची कबर आहे.

हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो, पण त्यात पैशाची बाजू कुणी मांडत नाही. मिरजेची सतार परदेशात जाते, तरी ती करणारी घरं मोठे कारखानदार का झाली नाहीत?

भोपळ्यापासून सुरुवात करू. तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, तोही हंगामातच. म्हणजे पुढच्या कामाचा माल आधीच रोख देऊन भरायचा, मग तो महिनोन्‌महिने वाळवायचा. लाकडाचंही तसंच. वाद्य जुळून, नक्षी होऊन, पॉलिश होऊन बाहेर पडेपर्यंत पैसा घरातच अडकलेला. परदेशी पाठवायचं तर भोपळा फुटू नये म्हणून भक्कम पेटी आणि कागदपत्रांचा खर्च वेगळाच, आणि पैसे त्यानंतर.

निर्यातदारासाठी बँकेत माल पाठवण्यापूर्वीचं कर्ज असतं. पण ते ज्याच्या नावावर ऑर्डर त्याला. शहरातला दुकानदार मध्ये असला की ऑर्डर त्याची, कर्जही त्याचं. कारागिराच्या वाट्याला उचल.

मुसलमान व्याजामुळे बँकेत जात नाहीत, असं सहज म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. उचल घेतल्यावर भाव व्यापारी ठरवतो. कमी मिळालेला तो भाव व्याज नाही तर काय? शिवाय दारात जाऊनही मिळतं किती? सच्चर समितीने 2006 मध्ये दाखवलं, की लोकसंख्येत 13.4 टक्के असलेल्या मुसलमानांचा अग्रक्रम क्षेत्रातल्या कर्जरकमेत वाटा पाच टक्क्यांच्याही आत होता.

याच मुलखातलं दुसरं उदाहरण पाहा. बेळगावहून उठावं लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या राजाने जमीन दिली, कर्ज दिलं. 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. सतारमेकरांना मिळालेला राजाश्रय, मला दिसतो तो, मुख्यतः गिऱ्हाइकाचा होता. गिऱ्हाईक आणि भांडवल यांत फरक आहे.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं, आता नावाची नक्कल करणाऱ्याला अडवता येईल. पण पुढच्या हंगामाचा भोपळा रोखीनेच भरायचा आहे, आणि मानांकनाचं प्रमाणपत्र बँकेत तारण म्हणून चालत नाही.