लोखंडाचा सांगाडा, रबराची कातडी

१९४०च्या दशकातल्या शेव्हर्ले, डॉज किंवा फोर्ड ट्रकचं स्टेअरिंग धरलं की तळहाताला आधी लागतात त्या भेगा. आरा रिमला मिळतो तिथे तर त्या हमखास असतात. काही भेगांत नख जातं, काहींतून आतली गंजलेली सळई दिसते. ड्रायव्हरने आदळआपट केली म्हणून हे झालं असं पुष्कळांना वाटतं. पण ज्या ट्रकला चाळीस वर्षांत कोणी हात लावला नाही, जो गोदामात नुसता उभा होता, त्याचंही स्टेअरिंग असंच फुटलेलं असतं.

कारण त्याच्या घडणीत आहे. या स्टेअरिंगच्या आत पोलादाचा सांगाडा आहे आणि त्यावर कडक रबराची कातडी चढवलेली आहे. बैलगाडीच्या चाकावर लोहार तापवलेली धाव चढवतो, ती निवताना आकसते आणि लाकूड आवळून धरते. इथे परिणाम उलटा होतो. आकसतं ते इथेही बाहेरचंच, पण ते ठिसूळ रबर, आणि आतलं पोलाद तसूभरही दबत नाही. वर्षानुवर्षं ताण साचत जातो आणि शेवटी कातडी फुटते. जुन्या ट्रकसाठी स्टेअरिंगचे भाग नव्याने घडवणाऱ्याला हा सांगाडा आणि ही कातडी, दोघांचं कूळ ठाऊक असावं लागतं. एकाला लावायचा उपाय दुसऱ्याला लावला की काम बिघडतं.

मोटारीला सुरुवातीला चाक नव्हतंच. दांडा असायचा, होडीच्या सुकाणूसारखा. २२ जुलै १८९४ रोजी झालेल्या पॅरिस ते रुआँ या शर्यतीत आल्फ्रेड व्हाशरॉन याने आपल्या पॅनहार्ड गाडीला दांड्याऐवजी गोल चाक बसवलं होतं. मोटारीवर चाक वापरल्याची सर्वांत जुनी नोंद म्हणून तिचाच दाखला देतात. १८९८ मध्ये पॅनहार्डच्याच आर्थर क्रेब्सने ते चाक चालकाकडे तिरकं कललेलं केलं आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत पॅकार्डने ते उचललं. दांड्याची अडचण साधी होती. रस्त्यातला प्रत्येक दगड थेट मनगटात धडकायचा. चाकाखाली गिअर घालता आला. हात जास्त फिरवायचे, जोर कमी लावायचा, आणि खालचा धक्का वर येईपर्यंत बोथट करायचा.

ट्रकच्या बाबतीत ही सोय नव्हती, गरज होती. पुढच्या अ‍ॅक्सलवर टनांनी वजन असताना ट्रक जागेवर वळवायचा तर मोठं चाक हवं, आणि ते बरंच आडवं हवं, म्हणजे चालकाला खांद्याचा जोर लावता येतो. पॉवर स्टेअरिंगचा पाया घालणारा फ्रान्सिस डेव्हिस हा पिअर्स-अ‍ॅरो कंपनीच्या ट्रक विभागातला इंजिनिअर होता, हे मला फार बोलकं वाटतं. अवजड गाड्या वळवताना चालकांची काय गत होते हे त्याने तिथे पाहिलं होतं. १९२६ मध्ये त्याने यंत्रणा गाडीवर बसवून चालवून दाखवली. ती विक्रीच्या गाडीत यायला मात्र १९५१ उजाडलं, आणि तीही क्रायस्लरच्या महागड्या इम्पीरियलमध्ये. मधली पंचवीस वर्षं बहुतेक ट्रक ड्रायव्हरांनी दंडाच्या बळावरच काढली.

म्हणून जुन्या ट्रकला लहान, शोभेचं स्टेअरिंग लावायची हौस मला मान्य नाही. अठरा इंची चाकाच्या जागी चौदा इंची बसवलं की हाताला सुमारे २९ टक्के जादा जोर लावावा लागतो. घाटातल्या वळणावर हा फरक खांद्यात उतरतो.

आता कातडीकडे वळू. पहिल्या पिढीत रिम लाकडाची होती. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या पोर्टलंड गावी शेलर नावाची कंपनी लाकडी रिमच बनवायची. पुढे हेन्री फोर्डने मॉडेल टीसाठी लाकूड सोडून ‘फोर्डाइट’ आणलं. त्यात गव्हाचं काड, रबर, गंधक आणि सिलिका होतं. १९१७ चा मॉडेल टीटी ट्रक हा पुढून मॉडेल टीच होता, त्यामुळे शेतमाल वाहणाऱ्यांच्या हातात शेतातल्याच काडाचं स्टेअरिंग आलं. त्या स्टेअरिंगची आणखी एक गंमत म्हणजे वळवण्याचा गिअर खाली पेटीत नसून चाकाच्याच खाली, कॉलमच्या डोक्यावर होता. त्याचं प्रमाण एकास चार.

त्यानंतर आलं कडक रबर, म्हणजे एबोनाइट. चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये गंधक आणि उष्णतेने रबर पक्कं करण्याची रीत सापडली होती. त्याचा भाऊ नेल्सन याने १८५१ मध्ये कडक रबराचं पेटंट घेतलं. टायरच्या रबरात गंधक शेकडा दोन-तीन असतो, एबोनाइटमध्ये तो तीस-चाळीसपर्यंत जातो, आणि मग रबराचा लवचीकपणा संपून त्याला शिंगासारखा टणकपणा येतो. साच्यात सळईभोवती ते दाबून भाजायचं, की मागच्या बाजूच्या बोटांच्या खाचांसकट आख्खं स्टेअरिंग तयार. पुढे सेल्युलोजपासून केलेल्या प्लास्टिकची कातडीही आली. तिला रंग सुंदर चढायचे. पण त्या प्लास्टिकला मऊ ठेवणारं रसायन हळूहळू उडून जातं, म्हणून तीही आकसली आणि तीही तडकली. एबोनाइट उन्हात तपकिरी पडतं ते आतल्या गंधकाची हवेशी क्रिया होऊन आम्ल तयार होतं म्हणून. नुसतं पॉलिश लावून तो काळा रंग परत येत नाही, वरचा तपकिरी थर घासून काढावा लागतो.

हे ट्रक आपल्याकडे आले ते मुंबईच्या वाटेने. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्या जुळवायचा कारखाना काढला. फोर्डही त्याच सुमारास आली. स्वातंत्र्याच्या सुमारास वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने कुर्ल्यात क्रायस्लरच्या मदतीने डॉज, फार्गो, डिसोटो ट्रक बांधले. १९५३ मध्ये सरकारने ठरवलं, की इथेच सुटे भाग बनवायची योजना असेल तरच कंपनीने थांबावं. जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. ट्रक मात्र रस्त्यावरच होते, आणि त्यांना भाग हवेच होते. कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे आणि मुंबईच्या चोरबाजारात जुना माल शोधायचा, नाही मिळाला तर लेथवर घडवायचा, हे शहाणपण गरजेतून आलं.

घडवायला सर्वांत अवघड तो मधला हब. तिथे शाफ्टला निमुळता उतार असतो, शिवाय कुठे चावी, कुठे बारीक दाते. दात्यांची संख्या आणि व्यास कंपनीगणिक वेगळे, कधी एकाच कंपनीत सालागणिक वेगळे. उतार हबला घट्ट धरतो, दाते त्याला घसरू देत नाहीत, आणि वरचा नट दोघांना दाबून ठेवतो. यातलं एक जरी ढिलं राहिलं तरी स्टेअरिंगला प्ले येतो, आणि तो दिवसेंदिवस वाढत जातो.

जाणता कारागीर कसं करतो ते सांगतो. काढण्याआधी तो शाफ्टवर आणि हबवर पंचने एकेक खूण मारतो, म्हणजे चाकं सरळ असताना आरे कुठे होते ते हरवत नाही. मग पुलर लावतो, हातोडा कधीच मारत नाही, कारण तो मार खाली गिअरच्या बेअरिंगला बसतो. दाते मोजून तो लगेच पोलाद कापायला घेत नाही. आधी पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यातून वायरकटवर एक चकती काढतो आणि शाफ्टवर सरकवून बघतो. चकती हलक्या हाताने बसली आणि डावी-उजवी हलली नाही, तरच ईएन एट पोलादाचा गोळा लेथवर चढतो. आतला उतार झाला की शाफ्टला निळ्या शाईचं बोट फिरवायचं, हब बसवून काढायचा आणि निळा रंग सगळीकडे सारखा उठलाय का ते पाहायचं. एकाच कडेला उठला तर पुन्हा लेथवर.

फुटक्या स्टेअरिंगचा मूळ गाभा धड असेल तर तो वाचवून त्यावर नवे आरे बोल्टने जोडावेत, हे माझं मत. गाभ्याला वेल्डिंग करू नये. वेल्डशेजारचं पोलाद कडक होऊन ठिसूळ होतं आणि हा सांधा तुटला तर ट्रक सावरायला चालकाकडे काहीच उरत नाही.

रिमच्या भेगा बुजवायच्या तर आधी त्या मोठ्या कराव्या लागतात. नव्या माणसाला हे जिवावर येतं. पण केसासारख्या भेगेत एपॉक्सी वरवर थापली तर पहिल्या उन्हाळ्यात ती पुन्हा उकलते. भेग सळईपर्यंत व्ही आकारात उघडायची, गंज खरवडायचा, एबोनाइट असेल तर अ‍ॅसिटोनने पुसायचं आणि मगच एपॉक्सी खालपासून दाबत भरायची. एक पूर्ण दिवस वाळू द्यायची. बोटांच्या खाचा पेन्सिलीवर सँडपेपर गुंडाळून काढायच्या. कातडी पार गेलेली असेल तर चांगल्या रिमवरून सिलिकॉनचा दोन पाखी साचा घ्यायचा, सळई आत मधोमध टेकवायची आणि पॉलियुरेथेन ओतायचं. हवा निघायला वरच्या बाजूला भोकं हवीत, नाहीतर नेमका हाताखाली बुडबुडा येतो.

मधल्या हॉर्नच्या बटणाचंही कूळ आहे. आरंभीच्या बऱ्याच गाड्यांत हबवर ठिणगी आणि इंधन कमीजास्त करायचे दांडे असायचे. ती कामं पुढे इंजिनाकडे आणि पायाकडे गेली, ती जागा रिकामी झाली आणि तिथे विजेचा हॉर्न आला. या जुन्या ट्रकांत बटण दाबलं की कॉलममधून आलेली तार बॉडीला टेकते आणि हॉर्न वाजतो. तार एरवी टेकू नये म्हणून खाली बेकलाइटचा वॉशर असतो. तो तडकला की हॉर्न थांबत नाही. नवा वॉशर तीन मिलिमीटरच्या हायलम शीटमधून कापता येतो. ड्रिलला धार हवी आणि शीटखाली लाकडाचा तुकडा दाबून धरलेला हवा, नाहीतर भोकाच्या कडेला थर सुटतात. बेकलाइटचा जनक बेकलँड याने १९०९ मध्ये जगापुढे ठेवलेल्या पदार्थाचं हे वंशज इलेक्ट्रिकच्या दुकानात आजही मिळतं, त्यामुळे पोलाद सोडलं तर स्टेअरिंगमध्ये मूळच्याच जातीच्या मालाने बदलता येणारा भाग बहुधा हाच.

एबोनाइटची रिम एका नगासाठी सहसा कोणी करून देत नाही, तिच्या जागी एपॉक्सी किंवा पॉलियुरेथेनच घ्यावं लागतं. तसं केलं असेल तर हबच्या मागच्या बाजूला साल आणि वापरलेला माल कोरून ठेवावा. पुढे ज्याच्या हाती ते येईल त्याला कोणतं रसायन चढवायचं आणि कोणतं टाळायचं हे फोडून बघावं लागणार नाही.