आधी कोणाची गाडी?

दिवसाचे तास पुरत नाहीत, ही तक्रार आपण सगळेच करतो. कोणते काम आधी घ्यावे, कोणते थांबवून ठेवावे, हे शिकवणारी पुस्तके निघतात, कचेऱ्यांतून शिबिरे भरतात. पण हा प्रश्न जुना आहे, आणि पुणे जिल्ह्यात तो कसा सोडवला गेला हे पाहायचे तर शिरूरहून दौंडला जावे लागते.

शिरूर, म्हणजे जुन्या माणसांचे घोडनदी, हे पुणे-नगर रस्त्यावरचे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे इंग्रजांची छावणी होती. मालाची वाहतूक बैलगाड्यांची. गाडीवानाला घड्याळ लागत नसे. उन्हे उतरली की जुंपायचे, बैल दमले की सोडायचे. समोरून दुसरी गाडी आलीच, तर एकाने चाक रस्त्याखाली उतरवायचे. कोणी उतरवायचे यावर दोन शब्द होत असतील तेवढेच.

रेल्वेत चाक खाली उतरवता येत नाही. १८५८ मध्ये आगगाडी पुण्याला आली आणि १८६० पर्यंत दौंडवरून थेट सोलापूरला पोचली. १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला. नगरकडच्या मालाला शिरूरच्या रस्त्याखेरीज दुसरी वाट मिळाली आणि इंग्रजी दफ्तरात 'धोंड' असे नाव असलेले भीमाकाठचे हे गाव जंक्शन झाले.

जंक्शन झाल्याबरोबर पहिला प्रश्न उभा राहिला, वेळ कोणाची धरायची? तेव्हा गावोगावची वेळ सूर्यावरून ठरे. रेल्वेला ते चालणारे नव्हते. देशातील रेल्वेने मद्रासची वेळ धरली. रेखांशावरून हिशोब केला तर ती दौंडच्या सूर्यापेक्षा सुमारे २३ मिनिटे पुढे येते. म्हणजे डोक्यावर सूर्य पाहून स्टेशनावर निघालेल्या माणसाची दुपारी बाराची गाडी केव्हाच निघून गेलेली! मुंबईकरांनी तर ही परकी वेळ पत्करलीच नाही. १८८१ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांना मद्रासची वेळ लावून पाहिली आणि दोन वर्षांत ती मागे घ्यावी लागली. सध्याची भारतीय प्रमाणवेळ १९०५-०६ मध्ये आली, तरी मुंबई शहरात जुनी मुंबई वेळ १९५५ पर्यंत रेंगाळत राहिली. हा निव्वळ हट्ट होता असे मला वाटत नाही. आपली वेळ दुसऱ्याने ठरवावी हे माणसाला सहजासहजी रुचत नाही.

दुसरा प्रश्न अधिक अवघड. रूळ एकच, आणि मेल, पॅसेंजर, मालगाडी सगळ्यांना जायचे आहे. एकेरी मार्गावर पुढचे स्टेशन 'लाइन क्लियर' देईपर्यंत गाडी हलत नाही. ड्रायव्हरच्या हाती कधी कागदी परवाना, कधी यंत्रातून निघालेला लोखंडी गोळा यावा लागे. या सगळ्याचा हिशोब कंट्रोलर एका मोठ्या कागदावर मांडत असे. आडवी वेळ, उभी स्टेशने, आणि प्रत्येक गाडीची एक तिरपी रेघ. रेघ जितकी उभट तितकी गाडी वेगवान. समोरासमोरच्या दोन गाड्यांच्या रेघा जिथे छेदतील तिथे स्टेशन असलेच पाहिजे, नाहीतर टक्कर ठरलेली. कामाच्या नियोजनाचे इतके प्रामाणिक चित्र मी दुसरे पाहिलेले नाही.

गाड्यांच्या क्रमालाही नियम आहे. मेल-एक्सप्रेसच्या मागे पॅसेंजर, तिच्या मागे मालगाडी. पण अपघाताच्या जागी निघालेली मदतगाडी सर्वांच्या आधी. तिच्यासाठी मेलसुद्धा थांबते. काम आटोपून परतताना मात्र तिचा तो मान आपोआप राहत नाही. तातडी गाडीला नसते, कामाला असते, हे इथे नियमातच लिहिले आहे.

दौंडची स्वतःची एक अडचण होती. पुण्याहून नगर-मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचे तोंड येथे फिरवावे लागे. पुढचे इंजिन काढून मागे जोडायचे, तोवर प्रवाशांनी चहा घ्यायचा. अलीकडच्या वर्षांत कॉर्ड लाइन झाल्यामुळे तिच्यावरून जाणाऱ्या गाड्यांचा तो वेळ वाचतो.

आता त्या बाजूला उभ्या केलेल्या मालगाडीकडे पाहू. मेलला वाट देण्यासाठी ती लूप लाइनवर तासन्‌तास थांबे. इंजिनातील माणसे कोळशाच्या धगीत, गार्ड आपल्या डब्यात. आडस्टेशनचा मास्तर आणि फाटकवाला पुढच्या गाडीची वाट पाहत बसलेले. हा बसण्याचा वेळ कामाचा की विश्रांतीचा?

१९३० च्या कायद्याने उत्तर दिले ते असे : सतत काम असणाऱ्यांना आठवड्याला ६० तास, खंडित काम असणाऱ्यांना ८४. ८४ तास म्हणजे सातही दिवस रोज बारा. पुढे रेल्वे कामगारांचा वाद मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्याकडे लवाद म्हणून गेला. १९४७ च्या त्यांच्या निवाड्याने अतिश्रमाच्या कामाला ४५, सततच्या कामाला ५४ आणि खंडित कामाला ७५ तासांची मर्यादा घातली. ७५ हा आकडा आज खटकतो. फाटकावर बसलेल्या माणसाला झोपण्याची मुभा नव्हती. गाडी येवो न येवो, लक्ष रुळाकडेच हवे. तरीही वाट पाहण्याची मोजदाद आधीपेक्षा बरी झाली, एवढे मान्य करावे लागेल.

इंजिन ड्रायव्हरांचा प्रश्न मात्र धुमसत राहिला. त्यांची मागणी साधी होती : ड्युटीवर आल्याची सही केल्यापासून सुटल्याची सही करेपर्यंतचा सगळा वेळ धरा, लूप लाइनवर उभे राहिलेला सुद्धा. ऑगस्ट १९७३ मध्ये सरकारने सहीपासून सहीपर्यंत दहा तास मान्य केले. पण ते प्रत्यक्षात उतरत नाहीत ही तक्रार चालूच राहिली, आणि ८ मे १९७४ रोजी देशव्यापी रेल्वे संप सुरू झाला तेव्हा कामाचे तास हाही त्यातील एक मुद्दा होता. वीस दिवस रेल्वेचे वेळापत्रक कागदावरच राहिले.