देवळाचा ‘कोड’ कुणी लिहिला?

आज सुरुवात आपल्या माजलगाव तालुक्यातून. गोदाकाठी पुरुषोत्तमपुरी आहे, अधिक महिन्यात जिथं पाय ठेवायला जागा नसते ते गाव. पाण्यावर तरंगणाऱ्या विटांसाठी तिथलं देऊळ ओळखलं जातं. याच गावचा एक ताम्रपट वासुदेव विष्णु मिराशींनी वाचून प्रसिद्ध केला. यादव राजा रामचंद्राचा, शके 1232 म्हणजे इ.स. 1310 चा. पुरुषोत्तम नावाच्या त्याच्या मंत्र्याशी गावाचं नाव जोडलेलं आहे.

आता, जुनं दगडी देऊळ दिसलं की आपण काय म्हणतो? ‘हेमाडपंती!’ विषय संपला. पण हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र या यादवांच्या दरबारातला, तेराव्या शतकातला. आणि अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके 982 चा, म्हणजे 1060 चा. जवळपास दोनशे वर्षं आधीचा! मग हे श्रेय हेमाडपंताला कसं द्यायचं? मला विचाराल तर त्या एका नावाखाली शेकडो सूत्रधार गाडले गेलेत. सूत्रधार म्हणजे हातात दोरी, सूत, धरणारा. देवळाचा मुख्य कारागीर.

हा सूत्रधार करायचा काय? अंबरनाथचं देऊळ भूमिज पद्धतीचं. या पद्धतीतल्या तारकाकृती देवळांचा आराखडा कसा निघतो ते कागदावर करूनच बघा. एक वर्तुळ काढा, त्यात बरोबर बसणारा चौकोन. तो मध्यबिंदूभोवती साडेबावीस अंश फिरवा, पुन्हा काढा. असे चार चौकोन झाले की थांबा, कारण पाचवा पहिल्यावरच येऊन बसतो. बाहेर सोळा टोकं तयार! जमिनीवर हेच काम खुंटी आणि दोरीनं होतं. प्रत्यक्षात चारी बाजूंचे मधले भाग सरळ ठेवतात, म्हणून टोकं कमी दिसतात. मग शिखर. छोट्या शिखरांच्या उभ्या रांगा लावायच्या, आणि प्रत्येक थर खालच्यापेक्षा ठरलेल्या प्रमाणात लहान करायचा. थराला म्हणायचं ‘भूमी’. पाच भूमी की सात, एवढं बदललं तरी देऊळ वेगळं दिसतं.

कोडिंग शिकणाऱ्यांनो, ओळखीचं वाटतंय ना? हा सरळ सरळ लूप आहे, आणि भूमींची संख्या हा त्यातला बदलता आकडा.

हे नियम ग्रंथांतही आले. माळव्याच्या राजा भोजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’मध्ये 83 अध्याय आहेत, त्यातला एक भूमिज देवळांवर. तिकडे अमेरिकेत जॉर्ज स्टिनी आणि जेम्स गिप्स यांनी ‘शेप ग्रामर’, म्हणजे आकारांचं व्याकरण, मांडलं ते 1971 मध्ये. त्यांनी आपल्याकडून घेतलं असं अजिबात नाही हं, व्हॉट्सअ‍ॅपवर तसलं काही फिरवू नका! आणि सूत्रधार म्हणजे संगणकही नव्हे. दगडात भेग निघाली, जागा कमी पडली, तर नियम कुठं वाकवायचा हे तो ठरवायचा.

भोपाळजवळच्या भोजपूरला मात्र जरूर जा. तिथलं शिवमंदिर अर्धवट राहिलं. आजूबाजूच्या खडकांवर कारागिरांनी कोरलेले आराखडे अजून आहेत: खांब, कोनाडे, शिखरं, नुसत्या रेषांमध्ये.